फिल यंगहसबंड, फिलिपिन्सचा ५२ गोलवाला स्ट्रायकर : हे करिअर मोठं का अर्धवट? पोट्ट्यांना काय सांगू

रेशीमबाग_संध्याकाळ

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, नोकरी सांभाळून संध्याकाळी रेशीमबागकडे काही पोट्ट्यांना फुटबॉल शिकवतो. त्यातला एक स्ट्रायकर आहे, वय १७, बॉक्समधे बॉल मिळाला की त्याचं डोकं थंड राहते, बाकीचे घाई करतात हा करत नाही, हे शिकवून येत नसते. आता त्याच्या घरून सुरू झालंय की एवढं खेळून जायचं कुठं, युरोपात कोणी घेणार नाही, आयएसएलवाले, म्हणजे आपल्या देशातल्या मोठ्या लीगचे क्लब, नागपूरचं पोट्टं बघायला येत नाहीत, तर बारावी झाली की बूट ठेवून दे. आणि त्या पोट्ट्याच्या स्वतःच्या डोक्यातही तेच बसलंय, की खेळायचं तं चेल्सी नाहीतर रियल माद्रिद, मधलं काही नसतेच.

म्हणून मी त्यांना फिल यंगहसबंडबद्दल सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो: जन्म १९८७ चा, इंग्लंडमधल्या सरे भागात, वडील इंग्रज, आई फिलिपिनो. चेल्सीच्या अकॅडमीत वाढला, मोठा भाऊ जेम्स पण तिथंच. २००८ मधे चेल्सीने सोडलं आणि पुढचं सगळं क्लब फुटबॉल फिलिपिन्समधे गेलं, मनिलाचा लोयोला क्लब, मग दावाओ. देशासाठी १०८ मॅच, ५२ गोल, फिलिपिन्सच्या पुरुष टीमचा सगळ्यात जास्त गोल मारणारा तोच. नोव्हेंबर २०१९ मधे ३२ व्या वर्षी रिटायर.

तं पोट्ट्यांचे दोन गट पडले. एक म्हणते सर हा तं वरून खाली आला, चेल्सीत होता आणि शेवटी कुठं खेळला. दुसरे म्हणतात देशाचा रेकॉर्ड त्याच्या नावावर आहे, अजून काय पाहिजे माणसाला. आणि ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगितलं तो गप्प बसून राहिला.

इथं आशियाई फुटबॉल फॉलो करणारे बरेच आहेत म्हणून विचारतो, तुम्ही याच्या करिअरकडे कसं बघता? आणि आपल्या इकडच्या स्ट्रायकरने यातून घ्यावं असं नेमकं काय आहे? नुसतं मेहनत करा टाइपचं नको, ते पोट्टे रोज ऐकतात.

---

कामठीचा_लेफ्टविंग

भाऊ, चांगला विषय काढला. मी कामठीचा, आमच्याकडे फुटबॉल घराघरात आहे त्यामुळे हा वाद आमच्या कट्ट्यावर पण होत राहते, कोण मोठा आणि कशावरून मोठा.

"वरून खाली आला" म्हणणाऱ्या पोट्ट्यांना आधी हे विचारा, की तो चेल्सीच्या कोणत्या काळात होता. २००३ मधे अब्रामोविचने क्लब घेतला, पैसा ओतला, २००४ मधे द्रोग्बा आला, २००६ मधे शेवचेंको. अकॅडमीतल्या १८-१९ वर्षाच्या स्ट्रायकरच्या पुढे ही लाइन उभी होती. त्यात जागा मिळाली नाही म्हणून तो खाली आला असं म्हणता येत नाही, त्या काळात त्या अकॅडमीतून मेन टीममधे पक्के झालेले किती, बोटावर मोजा. त्याच्या बरोबरची बहुतेक पोरं खालच्या डिव्हिजनमधे फिरत राहिली आणि आज त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत.

आता फिलिपिन्सची हालत बघा. तिकडे बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट, गल्लीगल्लीत बास्केट लावलेली, फुटबॉलला कोणी विचारत नव्हतं. २००६ मधे फिफा रँकिंगमधे ही टीम १९५ व्या नंबरवर होती, आणि त्याच वर्षी हा सीनियर टीमकडून खेळायला लागला. या भावांचा शोध लागला त्याचा किस्सा पण भारी आहे, सांगतात की फुटबॉल मॅनेजरच्या व्हिडिओ गेममधे कोणाला तरी दिसलं की चेल्सीच्या ज्युनियरमधले हे दोन भाऊ फिलिपिन्सकडून खेळू शकतात, आणि त्याने तिकडच्या फेडरेशनला कळवलं.

मग आलं २०१०, सुझुकी कप, म्हणजे आग्नेय आशियाची चॅम्पियनशिप. ५ डिसेंबर, हनोई, समोर व्हिएतनाम, तेव्हाचे चॅम्पियन, स्टेडियम त्यांचं, पब्लिक त्यांची. फिलिपिन्सने ती मॅच २-० मारली, पहिला गोल ख्रिस ग्रेटविचचा आणि दुसरा फिलचा ७९ व्या मिनिटाला. गोलमधे नील एथरिज होता जो पुढे कार्डिफकडून प्रीमियर लीग खेळला. त्या मॅचला आजही तिकडे "हनोईचा चमत्कार" म्हणतात. आणि त्यापुढचं ऐका, टीम सेमीफायनलला पोहोचली तं फिलिपिन्समधे मॅच घेता येईल असं स्टेडियमच तयार नव्हतं, म्हणून इंडोनेशियाविरुद्धच्या दोन्ही लेग, म्हणजे दोन्ही मॅच, जकार्तातच खेळाव्या लागल्या. घरच्या मैदानाचा फायदा शून्य, दोन्ही १-० ने हरले.

पण देश जागा झाला. २०११ मधे वर्ल्ड कप क्वालिफायरला मनिलाच्या रिझाल मेमोरियलवर श्रीलंकेला ४-० हरवलं, त्यात दोन गोल फिलचे, तेव्हा स्टेडियम भरलेलं होतं. जिथं आधी कुत्रं फिरकत नव्हतं तिथं फुटबॉलसाठी तिकिटाच्या लायनी. कोणत्या चेल्सीच्या बेंचवर बसून हे झालं असतं?

---

धंतोलीकर

मी थोडं वेगळं म्हणणार आहे, राग मानू नका.

यंगहसबंड चांगला खेळाडू होता यात वाद नाही, मी २०१९ च्या एशियन कपमधे पण त्याला पाहिलंय. पण पोट्ट्यांसमोर हा आदर्श म्हणून ठेवताना पूर्ण चित्र ठेवा. त्याला घडवलं इंग्लंडने, लहानपणापासून चेल्सीचं ट्रेनिंग, तिथले कोच, तिथली मैदानं, तिथलं खाणं. फिलिपिन्सने त्याला फक्त जर्सी दिली. त्या टीमचे बरेच मोठे खेळाडू असेच बाहेर वाढलेले, इंग्लंड, जर्मनी, अमेरिका. मग रेशीमबागच्या पोट्ट्याने यातून घ्यायचं काय? त्याची आई तं इंग्लंडमधे नाही ना.

आपल्याकडे हा रस्ताही नाही. भारताकडून खेळायचं तर भारताचा पासपोर्टच लागतो, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळते त्या ओसीआय कार्डावर चालत नाही आणि दुहेरी नागरिकत्व आपला कायदा देत नाही. इझुमी अराताने जपानचं नागरिकत्व सोडलं तेव्हा कुठं २०१३ मधे तो भारताकडून खेळला. म्हणजे फिलिपिन्सची रेसिपी इथं शिजतच नाही.

आणि दुसरी गोष्ट जी कोणी सांगत नाही. टीम मोठी झाली पण खालची लीग उभी राहिली नाही. तिकडची नवीन प्रोफेशनल लीग २०१७ मधे सुरू झाली, त्यात लोयोलाचाच क्लब मेराल्को मनिला नावाने उतरला आणि २०१८ च्या सुरुवातीला बंद. दावाओ आगिलास, म्हणजे फिलचा शेवटचा क्लब, तोही २०१८ चा सीझन झाला आणि गुंडाळला. देशाचा रेकॉर्ड गोलस्कोअरर आणि त्याच्या पायाखालचा क्लबच निघून गेला. हे आपण महाराष्ट्रात पाहिलेलं आहे, पुणे एफसी गेलं, मुंबई एफसी गेलं, भारत एफसी एका सीझनमधे गेलं, एफसी पुणे सिटी २०१९ मधे गेलं. २०२५ मधे तर अख्खी आयएसएल अडकून पडली होती. त्या पोट्ट्याच्या घरचे जे विचारून राहिले ते चुकीचं नाही विचारून राहिले. मलाही फुटबॉल जीव की प्राण आहे, म्हणूनच सांगतो, करिअर म्हणताना क्लब टिकतो का हा प्रश्न आधी.

---

कामठीचा_लेफ्टविंग

राग कशाचा, लीगबद्दल तुम्ही बोलले ते शंभर टक्के खरं आहे. पण टीम पूर्ण बाहेरची होती हे मी मानत नाही. त्याच टीमचा कॅप्टन राहिलेला चिफी कालिगडाँग बघा. इलोइलो प्रांतातल्या बारोटाक न्युएवो गावचा, हे गाव फिलिपिन्समधलं फुटबॉलचं गाव म्हणून ओळखलं जाते, समजा तिकडची कामठी. तो पोरगा एअर फोर्समधे नोकरी करत करत एअर फोर्सच्या टीमकडून खेळला. चेल्सी नाही, युरोप नाही, काहीच नाही. आणि श्रीलंकेच्या त्या ४-० मधे त्याचा गोल आहे, २०१२ च्या सुझुकी कपमधे व्हिएतनामला १-० हरवलं तो एकमेव गोल त्याचाच. इंग्लंडमधे शिकलेला आणि फौजेत नोकरी करणारा एकाच फ्रंटलाइनमधे खेळले. रेशीमबागवाल्या भाऊंनी पोट्ट्यांना फिल सांगताना चिफी पण सांगावा, दोघांना मिळूनच ती गोष्ट पूर्ण होते.

आणि भारताचा संबंध आहे तो पण सांगा. मार्च २०१२, काठमांडू, एएफसी चॅलेंज कप. फिलिपिन्सने आपल्याला २-० हरवलं आणि दोन्ही गोल फिलचे. मला ती मॅच अजून बोचते. त्याच्या आधीपर्यंत आपण फिलिपिन्सला मोजतच नव्हतो, आणि त्या दिवशी तो एकटा आपल्या डिफेन्सला भारी पडला. त्या टूर्नामेंटमधे तो ६ गोल मारून टॉप स्कोअरर होता आणि टीम तिसरी आली. आपण तिन्ही मॅच हरून, एकही गोल न मारता परत.

आता स्ट्रायकर म्हणून काय घ्यायचं ते विचारलं ना, माझं मत सांगतो. कमजोर टीमचा स्ट्रायकर असणं हे मोठ्या टीमच्या स्ट्रायकरपेक्षा वेगळंच काम आहे. मोठ्या टीममधे चान्स दहा येतात, दोन घातले की हिरो. फिलिपिन्ससारख्या टीममधे ७० मिनिटं बॉल समोरच्यांकडे, तू एकटा पुढे, दोन सेंटर बॅक अंगावर, पळ पळ पळायचं आणि काहीच मिळत नाही, आणि मग एक चान्स. तोपर्यंत पाय थकलेले, डोकं तापलेलं. त्या एका चान्सला जो घालतो तो खरा. १०८ मॅचमधे ५२ म्हणजे दोन मॅचला एक गोल, आणि तो पण अशा टीमसाठी. तुमचं पोट्टं बॉक्समधे डोकं थंड ठेवते म्हणता, तं त्याला हीच गोष्ट सांगा. ७० मिनिटं काही मिळालं नाही तरी ७१ व्या मिनिटाला तयार राहायची प्रॅक्टिस द्या. मॅचच्या शेवटी, पूर्ण थकल्यावर फिनिशिंग करून घ्या, सकाळी ताज्या पायाने नाही.

---

मेडिकल_चौक

इंटरेस्टिंग थ्रेड. घरचे बारावीनंतर बूट ठेवून दे म्हणतात हे वाचलं आणि फिलिपिन्सच्याच एका जुन्या स्ट्रायकरबद्दल लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आमच्या नागपुरात दहावी झाली की नीटचा क्लास लावायचा आणि खेळ बंद करायचा हा नियमच झालाय, मी स्वतः डॉक्टर आहे आणि आजूबाजूला रोज हेच बघतो.

पाउलिनो अल्कांतारा. जन्म १८९६, इलोइलो, फिलिपिन्स, म्हणजे वर ज्या प्रांताचं नाव आलं तोच. वडील स्पॅनिश फौजी, आई फिलिपिनो. लहानपणी बार्सिलोनाला गेला आणि २५ फेब्रुवारी १९१२ ला बार्सिलोनाकडून पहिली मॅच खेळला तेव्हा वय होतं १५ वर्षं ४ महिने. पहिल्याच मॅचला तीन गोल, टीम ९-० ने जिंकली. नीट वाचा, एफसी बार्सिलोना, तेच, मेस्सीवालं.

१९१६ मधे घरचे फिलिपिन्सला परत निघाले, हा पण गेला आणि तिकडे मेडिसिन शिकायला लागला. शिकता शिकता मनिलाच्या बोहेमियन क्लबकडून खेळला, आणि १९१७ मधे टोकियोला फार ईस्टर्न गेम्समधे फिलिपिन्सकडून उतरला. जपानला १५-२ ने हरवलं त्यांनी, फिलिपिन्सचा आजवरचा सगळ्यात मोठा विजय तोच आहे. जपानला १५ गोल! आज जपानसमोर आशियातल्या कोणत्याही टीमला एक गोल मारताना घाम फुटतो.

१९१८ मधे परत बार्सिलोनाला. तिथं कोच जॅक ग्रीनवेलने याला डिफेन्समधे खेळवायला सुरुवात केली, क्लबच्या मेंबर लोकांनी आरडाओरडा केला की याला पुढे खेळवा, आणि मग परत फॉरवर्ड. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी स्पेनने बोलावलं तर हा गेला नाही, कारण मेडिकलची शेवटची परीक्षा होती. स्पेनला त्या ऑलिम्पिकमधे सिल्व्हर मिळालं आणि हा घरी पुस्तकं घेऊन बसला होता. १९२२ मधे फ्रान्सविरुद्ध बोर्दोला एवढ्या जोरात शॉट मारला की जाळी फाटली, आणि तिकडे तेव्हापासून जाळी फाडणारा म्हणूनच त्याला ओळखायला लागले. बार्सिलोनाकडून फ्रेंडली धरून ३५७ मॅचमधे ३६९ गोल. हा रेकॉर्ड मोडायला मार्च २०१४ उजाडावा लागला आणि मोडला तो मेस्सीने. आणि १९२७ मधे फक्त ३० व्या वर्षी फुटबॉल सोडून डॉक्टरकी.

काळ वेगळा होता, आजचं प्रोफेशनल फुटबॉल तेव्हा नव्हतं, हे मला कळतं. आज कोणी एमबीबीएस करता करता बार्सिलोनाचा स्ट्रायकर होणार नाही. त्याच्या पुढच्या आयुष्यात स्पेनच्या यादवी युद्धात तो फ्रँकोच्या बाजूने लढला, ती बाजूही आहे, ती मी झाकत नाही. पण माझं म्हणणं त्या पोट्ट्याच्या घरच्यांसाठी आहे. अभ्यास आणि खेळ यातलं एक आजच तोडून टाका ही घाई कशासाठी? १७ व्या वर्षी पाय तयार असतात, ते वय परत येत नाही. बारावीचं वर्ष रोज संध्याकाळी दीड तास खेळलेला मुलगा नापास होत नाही, उलट झोप नीट लागते. हे मी डॉक्टर म्हणून लिहून द्यायला तयार आहे.

---

नऊ_नंबर_ताई

सगळे दादा लोक पुरुषांच्या टीमबद्दलच लिहून राहिले म्हणून मी येते मधे. फिलिपिन्सचा स्ट्रायकर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर सरिना बोल्डन येते. आणि तिच्या करिअरचा सगळ्यात मोठा दिवस कुठं घडला माहीत आहे का? आपल्या पुण्यात. बालेवाडीला.

२०२२ चा महिला एशियन कप महाराष्ट्रात झाला, मुंबई, नवी मुंबई आणि पुणे. ३० जानेवारीला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात क्वार्टर फायनल, फिलिपिन्स विरुद्ध चायनीज तैपेई, म्हणजे तैवान. जिंकलं की थेट २०२३ चा वर्ल्ड कप. क्विनली क्वेझाडाने गोल मारला, तैपेईने ८२ व्या मिनिटाला बरोबरी केली, मग एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्टी. गोलकीपर ऑलिव्हिया मॅकडॅनियलने दोन पेनल्टी अडवल्या आणि स्वतः एक मारली पण, गोलकीपरने! आणि शेवटची, जिच्यावर सगळं अडकलेलं होतं, ती बोल्डनने मारली. ४-३. फिलिपिन्स पहिल्यांदा फुटबॉल वर्ल्ड कपला गेलं, पुरुष नाही बाया नाही कोणीच त्याआधी गेलं नव्हतं, आणि ते तिकीट महाराष्ट्रात फाटलं.

मी ती मॅच मोबाईलवर बघत होते आणि रडत होते, आणि ते रडणं फक्त फिलिपिन्ससाठी नव्हतं. त्याच टूर्नामेंटमधे आपण यजमान होतो. इराणशी ०-० झाली आणि नंतर टीममधे एवढ्या कोविड पॉझिटिव्ह निघाल्या की पुढच्या मॅचला ११ पोरी उभ्या करता आल्या नाहीत, नियमाने स्पर्धेबाहेर. आणि ती न झालेली मॅच कोणाशी होती? चायनीज तैपेईशीच. मी युनिव्हर्सिटी टीमकडून नऊ नंबरवर खेळलेली आहे, माझ्यासोबतच्या पोरींनी त्या एशियन कपची किती वर्षं वाट बघितली होती ते मला माहीत आहे.

बोल्डनचं पण ऐका कारण ते त्या पोट्ट्याच्या कामाचं आहे. जन्म कॅलिफोर्नियाचा, कॉलेज फुटबॉल अमेरिकेत, पण अमेरिकेच्या नॅशनल टीममधे जागा मिळणं म्हणजे किती अवघड ते सगळ्यांना माहीत आहे. तिने काय केलं, जिथं खेळायला मिळेल तिथं गेली. तैवानच्या लीगमधे खेळली, जपानमधे खेळली, ऑस्ट्रेलियात वेस्टर्न सिडनीकडून. चकाचक क्लबची वाट बघत घरी बसली नाही. आणि २५ जुलै २०२३, वेलिंग्टन, वर्ल्ड कप, समोर यजमान न्यूझीलंड, २४ व्या मिनिटाला बोल्डनचं हेडर. फिलिपिन्सचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल. मॅच १-० ने जिंकली, तो त्यांचा वर्ल्ड कपमधला पहिला विजय. त्यानंतर नॉर्वेने ६-० हाणले आणि ग्रुपमधेच घरी गेल्या, तरी तो गोल कोणी पुसू शकत नाही.

धंतोलीकर दादा, पासपोर्टचा मुद्दा तुमचा इथं पण लागतो, बोल्डन पण बाहेरच वाढली, मान्य. पण मला सांगा, पासपोर्ट असलेल्या हजारो असतील, पेनल्टी मारायला पुढे कोण आलं?

आणि रेशीमबागवाल्या दादांना एक विचारते, तुमच्याकडे पोरी येतात का? नसतील तर बोलवा. नागपुरात स्लम सॉकर या संस्थेचं काम एवढ्या वर्षांपासून सुरू आहे, त्यांच्याकडच्या पोरी देशाबाहेर जाऊन खेळून आल्यात, म्हणजे इथं पोरी खेळत नाहीत असं कोणी म्हणायची सोय नाही.

---

रेशीमबाग_संध्याकाळ

मंडळी, एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. ताई, पोरी येतात, थोड्या आहेत पण येतात, आणि त्यातली एक तर गोलकीपर आहे, तिला मॅकडॅनियलची पेनल्टी शोधून दाखवतोच.

कामठीवाले भाऊ, थकल्यावर फिनिशिंग ही गोष्ट मी करून बघणार. सध्या मी फिनिशिंग सुरुवातीला घेतो कारण अंधार पडला की बॉल दिसत नाही, लाइट नाहीत. आता उलटं करावं लागेल, पळण्याचं सगळं आधी, आणि गोलसमोरचं शेवटी.

एक विचारायचं राहिलं. यंगहसबंडची ताजिकिस्तानविरुद्धची पेनल्टी, ज्याने एशियन कपला गेले, तिच्याबद्दल कोणाला नीट माहीत आहे का? पोट्ट्यांना दाखवायची आहे. आणि धंतोलीकर भाऊ, तुमचा प्रश्न मला टाळायचा नाही. क्लब टिकत नाहीत हे खरं. मग १७ वर्षाच्या पोट्ट्याने नागपुरात राहून पुढची पायरी कोणती धरायची, तुम्हीच सांगा ना.

---

कामठीचा_लेफ्टविंग

२७ मार्च २०१८, रिझाल मेमोरियल, मनिला. फिलिपिन्सला ड्रॉ पण चालला असता, पण ६४ व्या मिनिटाला ताजिकिस्तानने पेनल्टीवर गोल मारला. पूर्ण स्टेडियम गार. मग केव्हिन इंग्रेसोने बरोबरी केली, आणि एकदम शेवटी, इंज्युरी टाइममधे, पेनल्टी मिळाली. फिल उभा राहिला आणि घातली. २-१. फिलिपिन्स इतिहासात पहिल्यांदा एशियन कपला, आणि तो गोल त्याचा देशासाठी ५० वा होता. ५० वा गोल असा मारायला मिळणं हे कोणत्या स्ट्रायकरच्या नशिबात असते सांगा. दोन महिन्यांनी रँकिंगमधे १११ व्या नंबरवर गेले, १९५ वरून.

२०१९ ला यूएईमधे एशियन कपला स्वेन-गोरान एरिक्सन कोच होता, इंग्लंडचा जुना कोच. तिन्ही मॅच हरले, पण दक्षिण कोरियाला फक्त १-० वर थांबवलं होतं. पोट्ट्यांना तेही सांगा, कोरियासमोर ९० मिनिटं टिकणं म्हणजे काय.

---

धंतोलीकर

विचारलं तर सांगतो, मला जे माहीत आहे तेवढं.

पहिलं, पोट्ट्याचं रजिस्ट्रेशन नीट आहे का बघा. एआयएफएफच्या, म्हणजे देशाच्या फुटबॉल फेडरेशनच्या, ऑनलाइन सिस्टिममधे कोणत्यातरी क्लबतर्फे नाव पाहिजे, जन्मतारखेचे कागद स्वच्छ पाहिजेत. ज्युनियरमधे वयाच्या कागदावरून चांगली पोट्टी बाहेर बसलेली मी पाहिली आहेत. दुसरं, नागपूर डिस्ट्रिक्टची लीग नियमित खेळू द्या, सब-ज्युनियर, ज्युनियर डिस्ट्रिक्ट टीमची सिलेक्शन चुकवू नका, तिथून विफाच्या, म्हणजे राज्याच्या फुटबॉल संघटनेच्या, स्टेट टीमपर्यंत रस्ता जातो, आणि पुढे संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांच्या टीमची स्पर्धा. संतोष ट्रॉफी १९४१ पासून सुरू आहे, त्यात चमक नाही, पण ती बंद पडत नाही हे महत्त्वाचं. तिसरं, नोकरीवाल्या टीम. नागपुरात रेल्वे आहे, स्पोर्ट्स कोट्यातून भरती निघत असते. वर चिफीचं उदाहरण दिलं ना एअर फोर्सचं, ते मला पटलं, कारण ते आपल्याकडे होऊ शकतं. पगार सुरू, खेळ सुरू, क्लब बुडाला तरी घर बुडत नाही. घरच्यांशी बोलताना चेल्सीचं नाव काढण्यापेक्षा हे काढा, ते ऐकतील.

आणि बारावी पूर्ण करायलाच लावा. कोट्यातल्या नोकरीला पण मार्कशीट मागतात.

यंगहसबंडबद्दल माझं मत एवढंच की त्याच्यासारखा खेळाडू घडवायचं काम फिलिपिन्सने स्वतः केलं असतं तर आज त्यांची लीग उभी असती. पण ताजिकिस्तानच्या मॅचचा व्हिडिओ मी पण परत बघितला आत्ता. पोट्ट्याला दाखवा. पेनल्टीच्या आधी तो बॉल किती शांतपणे ठेवतो तेवढं बघायला सांगा त्याला.

---

नऊ_नंबर_ताई

गोलकीपर पोरीचं वाचून लय बरं वाटलं. रविवारी सकाळी मी रिकामी असते, रेशीमबागला येऊन पोरींना पेनल्टीची प्रॅक्टिस द्यायला तयार आहे, पैसे वगैरे काही नको. टाइम सांगा फक्त, ऊन चढायच्या आधीचा ठेवा.

---

रेशीमबाग_संध्याकाळ

ताई, रविवारी सकाळी सहा. ग्लोव्हज एकच जोडी आहे, कोणाकडे जुनी पडून असेल तर घेऊन या.